जहाज देऊन टाकणारा कप्तान आणि मागे राहिलेली लियारा: ‘मास इफेक्ट लेजंडरी एडिशन’

भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. हॉस्टेलच्या खोलीत दुसऱ्या टेबलाला जागा नव्हती, म्हणून त्याचा मोठा कॉम्प्युटर माझ्याकडे नाशिकला सिडकोत ठेवून गेला. जाताना म्हणाला, "मावशी, एक गेम टाकून ठेवलाय. तू पोरांना शिकवतेस ना, तुला आवडेल." मी विचारलं, शिकवण्याचा आणि बंदुकांचा काय संबंध? तो म्हणाला, "आधी खेळ, मग बोलू."

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडची शिल्प निदेशक आहे. दिवस वर्कशॉपमध्ये जातो, संध्याकाळी आईचं जेवणखाण, औषधं. आई झोपली की दहा वाजता माझा वेळ सुरू होतो. त्या वेळात, हेडफोन लावून, एका पावसाळ्यापासून द्राक्षं बाजारात येईपर्यंत मी हे तिन्ही भाग खेळले. एकदा पूर्ण, आणि मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुन्हा एकदा पूर्ण. त्यानंतर जे मनात साठलं ते लिहिते आहे. कथा उघड केल्याशिवाय यावर लिहिता येणार नाही, तेव्हा ज्यांना कोऱ्या मनाने खेळायचंय त्यांनी इथेच थांबावं.

आधी वस्तूची माहिती. ‘मास इफेक्ट’ हा कॅनडातल्या बायोवेअर कंपनीचा गेम. पहिला भाग २००७चा, दुसरा २०१०चा, तिसरा २०१२चा. तिन्ही भाग नव्या चित्रांत घासूनपुसून आणि नंतर निघालेले बहुतेक जादा अध्याय जोडून एकत्र संच निघाला, तो १४ मे २०२१ला. नाव ‘लेजंडरी एडिशन’. पीसीवर १२० जीबी जागा लागते आणि किमान आठ जीबी रॅम. भाच्याने सेलमध्ये घेतला होता. सेल वरचेवर लागतात, पूर्ण किमतीला घ्यायची घाई करू नका. संवाद इंग्रजीत आहेत आणि खाली इंग्रजी अक्षरं येतात. मराठी नाही. इंग्रजीचा सराव नसेल तर सुरुवातीला दमायला होतं, कारण इथे गोळीबारापेक्षा बोलणं जास्त आहे. मला पहिल्या आठवड्यात एकेक संवाद थांबवून वाचावा लागला. पुढे कानाला सवय झाली.

गोष्ट २१८३ सालात सुरू होते. माणूस आकाशगंगेत नवखा आहे, आधीपासून असलेल्या जाती त्याला जरा लांबच ठेवतात. दर पन्नास हजार वर्षांनी ‘रीपर’ नावाची प्रचंड यंत्रं येतात आणि प्रगत जीवसृष्टी कापून नेतात. ती पुन्हा येणार हे कमांडर शेपर्डला कळलंय आणि कुणी ऐकत नाही. शेपर्ड म्हणजे आपण. पुरुष घ्या किंवा बाई. मी बाई घेतली. जेनिफर हेलचा आवाज आहे तिला, आणि तो आवाज ऐकल्यावर मी दुसऱ्या फेरीतसुद्धा पुरुष शेपर्ड घेतला नाही. अधिकाराने बोलणारी पण न ओरडणारी बाई मी वर्कशॉपमध्ये होण्याचा प्रयत्न करत आले आहे. हिला ते जमतं.

आता अँडरसन.

कॅप्टन डेव्हिड अँडरसन हा नॉर्मंडी जहाजाचा कप्तान. शेपर्ड त्याच्या हाताखालची. सिटाडेल म्हणजे या सगळ्या जातींची अवकाशातली राजधानी. तिथल्या परिषदेचे खास अधिकारी असतात, त्यांना स्पेक्टर म्हणतात. माणसांमधला पहिला स्पेक्टर शेपर्ड होते. त्यानंतर लगेच, जहाजाच्या धक्क्यावर उभं राहून, अँडरसन नॉर्मंडी तिच्या हवाली करतो. कारण विचारल्यावर कळतं की अनेक वर्षांपूर्वी तोच पहिला स्पेक्टर व्हायचा होता. त्याची परीक्षा घ्यायला आलेल्या सॅरेन नावाच्या स्पेक्टरने मोहीम बिघडवली आणि दोष याच्यावर ढकलला. आता त्याच सॅरेनच्या मागे जायला त्याच्याच हाताखालची मुलगी निघालीय, त्याच्याच जहाजातून. आणि तो खाली, धक्क्यावर, मागे राहतो.

मी इथे गेम थांबवला होता. कारण सांगते.

माझे सर निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मला मशीन शॉपच्या मागच्या खोलीत बोलावलं आणि लाकडी पेटीतला स्वतःचा मायक्रोमीटर हातात दिला. शून्य ते पंचवीस मिलिमीटरचा. सरकारी नव्हे, स्वतःच्या पगारातून घेतलेला. याच सरांनी मला पहिले दहा दिवस एकच लोखंडी ठोकळा घासायला लावला होता. कानस धरायची, घासायचं, काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाला धरायचं, फट दिसली की पुन्हा घासायचं. बॅचमध्ये मी एकटी मुलगी. बाकीची पोरं चौथ्या दिवशी ड्रिलिंगला गेली आणि मी घासतेच आहे. तेव्हा वाटायचं हे मला पळवून लावतायत. दहाव्या दिवशी ठोकळा गुण्याला असा बसला की आतून उजेडाची रेघ आली नाही. सर म्हणाले, "आता तुला कुणी हलवू शकणार नाही." एवढंच. पाठ थोपटली नाही, काही नाही.

अँडरसनही तसा. लांबलचक उपदेश करत नाही. पहिल्या भागात पुढे जहाज सरकारी हुकमाने अडकवून ठेवतात तेव्हा तो स्वतःची नोकरी, अब्रू, सगळं पणाला लावून ते सोडवून देतो. तो ते कसं सोडवणार हेसुद्धा आपल्याला ठरवायला सांगतात: एका राजदूताच्या कचेरीत घुसून की पोलिसांच्या पहाऱ्यातल्या यंत्रापाशी जाऊन. दोन्हीत धोका पत्करायचा तो. आपण जहाजात बसून निघून जायचं. तिसऱ्या भागात पृथ्वीवर हल्ला होतो तेव्हा तो शेपर्डला मदत आणायला वर पाठवतो आणि स्वतः जळत्या शहरात लढायला थांबतो. पुन्हा खाली, पुन्हा मागे. ‘सिटाडेल’ नावाच्या जादा अध्यायात तो तिला आपलं घरही देऊन टाकतो. त्या घरात ठिकठिकाणी त्याच्या आवाजातल्या नोंदी ठेवलेल्या आहेत, कुणीतरी त्याचं चरित्र लिहायला म्हणून घेतलेल्या. त्या सगळ्या ऐका, एकही सोडू नका. कॅली सँडर्स या बाईबद्दल तो जे बोलतो, त्यात जे घडायचं राहून गेलं त्याचं दुःख आहे. कीथ डेव्हिडने हा आवाज दिलाय. घोगरा, सावकाश, बोलताना मध्येच विचार करणारा.

शेवटी दोघं जखमी, शेजारी शेजारी बसलेली असतात आणि समोर पृथ्वी दिसत असते. तो तिला सांगतो की त्याला तिचा अभिमान वाटतो. त्यानंतर थोड्या वेळाने शेपर्डच्या लक्षात येतं की शेजारून उत्तर येत नाहीये. रात्रीचे अडीच वाजले होते. मी हेडफोन काढून आईच्या खोलीत जाऊन तिचा श्वास ऐकून आले.

त्या रविवारी मी पंचवटीत सरांकडे गेले. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, एका डोळ्याचं राहिलंय. मी त्यांना अँडरसनची पूर्ण गोष्ट सांगितली. जहाज, राजदूत, लंडन, सगळं. ते नीट ऐकत होते. मग म्हणाले, "जहाज घेतलं तेव्हा त्या मुलीला भीती वाटत होती का?" मी म्हटलं, वाटत असणार. ते मान हलवून गप्प बसले. निघताना दारात म्हणाले, "मायक्रोमीटरचा झिरो तपासतेस ना अधूनमधून?"

प्रेमाबद्दल लिहायचं तर या गेमची ओळख ‘कुणाशीही जमवता येतं’ अशी आहे. ती खरी आहे आणि तीच मला त्याची कमजोर बाजू वाटते. जहाजावर फिरायचं, प्रत्येक मोहिमेनंतर एकेकाच्या खोलीत जाऊन बोलायचं, बरोबर उत्तरं निवडत गेलं की शेवटच्या लढाईच्या आदल्या रात्री ती व्यक्ती आपल्या केबिनमध्ये येते. बँकेत आवर्ती ठेव भरत राहावं आणि मुदतीला रक्कम मिळावी, असं ते प्रेम. लिहिलंय चांगलं, पण मला ते शिवलं नाही. जे फळाला आलं नाही, तेच मनात राहिलं.

लियारा टीसोनी असारी जातीची. असारी हजार वर्षं जगतात, त्यामुळे १०६ वर्षांची ही त्यांच्यात अगदी पोरसवदा. जुन्या संस्कृतीवर संशोधन करणारी, माणसांत मिसळायची सवय नसलेली. पहिल्या भागात तिला शेपर्ड आवडते, ती अडखळत सांगते. मी नाही म्हटलं. दोन ओळींत, सभ्यपणे. ती समजून घेते आणि विषय संपतो. म्हणजे मला वाटलं संपला.

दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच शेपर्ड मरते. दोन वर्षांनी ‘सर्बेरस’ नावाची काळ्या कामांची संघटना तिला पुन्हा उभी करते. तोवर लियारा इलियम नावाच्या ग्रहावर माहितीचा धंदा करणारी कडक बाई झालेली असते. कचेरीत पहिल्यांदा भेटते तेव्हा ती कुणाला तरी जिवाची धमकी देत असते. मला ओळखूच आली नाही. मग हळूहळू कळतं की शेपर्डचं प्रेत शत्रूच्या हाती पडणार होतं, ते हिने जीव धोक्यात घालून सोडवलं आणि सर्बेरसच्या ताब्यात दिलं, कारण शेपर्ड परत येण्याची शक्यता फक्त त्यांच्याकडे होती. त्या भानगडीत तिला मदत करणारा फेरॉन पकडला गेला आणि दोन वर्षं ती त्याला सोडवायच्या मागे आहे. हे सगळं ती अपराध्यासारखं सांगते. तुला विचारल्याशिवाय तुला परत आणलं, असा तिचा सूर.

तुम्ही तिला हो म्हटलेलं असो की नाही, तिने हेच केलेलं असतं. दुसऱ्या फेरीत मी मुद्दाम वेगळे निर्णय घेऊन पाहिलं. ती तीच. तिचं करणं आपल्या उत्तरावर अवलंबून ठेवलेलं नाही. मला या तिन्ही भागांतलं हे सगळ्यात धाडसी लिखाण वाटतं, आणि त्याचा मोठेपणा नकार दिलेल्या खेळाडूलाच कळतो.

मी अप्रेंटिस होते अंबडच्या एका कारखान्यात. तिथे माझ्यापेक्षा दोन वर्षं पुढचा एक मुलगा होता. एकदा सुट्टीच्या दिवशी गंगापूर रोडला चहाच्या टपरीवर त्याने विचारलं आणि मी नाही म्हटलं. माझ्या मनात तसं काही नव्हतं, आणि घरात वडिलांचं आजारपण सुरू होतं. तो "ठीक आहे" म्हणाला आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. त्या वर्षी माझं ड्रिलिंगचं काम फार चांगलं व्हायचं. भोकं मापात यायची. ड्रिलची दोन्ही पाती सारखी नसली, टोकाचा ११८ अंशांचा कोन एकीकडे कलला, की भोक मोठं होतं. माझ्या ट्रेमधली ड्रिलं कायम बरोबर असायची. मला वाटायचं स्टोअरवाले चांगला माल देतात. शेवटच्या दिवशी हत्यारं जमा करायला गेले तेव्हा स्टोअरचे काका म्हणाले, "आता त्या पोराला सकाळी अर्धा तास लवकर यायचं कारण उरलं नाही." तो रोज शिफ्टच्या आधी येऊन ग्राइंडरवर माझ्या ड्रिलांना धार लावून ठेवायचा. नकार ऐकल्यानंतरही वर्षभर. मी त्याला काही बोलले नाही. काय बोलायचं ते कळलं नाही, आणि नंतर गाठ पडली नाही.

लियाराच्या कचेरीत उभी असताना गेम मला तीन उत्तरं देत होता. मी बराच वेळ एकही निवडलं नाही.

तिसऱ्या भागात ती शेपर्डच्या केबिनमध्ये एक पेटी घेऊन येते. आपण हरलो तर पुढच्या पन्नास हजार वर्षांनी येणाऱ्यांना उपयोगी पडावी म्हणून रीपरांची सगळी माहिती तिने त्यात भरलीय. अशा पेट्या ती ग्रहाग्रहांवर पुरणार आहे. आणि मग विचारते, तुझ्याबद्दल काय लिहू? या प्रसंगाला गेममधल्या हारजितीच्या हिशोबात काही मोल नाही. पण शेवटी समोर ठेवलेले सगळे पर्याय तुम्ही धुडकावलेत, तर सगळे मरतात आणि एका ओसाड ग्रहावर त्याच पेटीतून लियाराचा आवाज बोलू लागतो. मूळ गेमच्या शेवटावर लोक फार चिडले होते, म्हणून २०१२च्या जूनमध्ये वाढवून दिलेल्या शेवटांत हा घातला गेला. मी तो दुसऱ्या फेरीत पाहिला. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी चढल्याचे फोटो फोनवर येत होते, गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला होता, आमच्याकडे वीज येत-जात होती, आणि यूपीएसवर उरलेल्या मिनिटांत मी तो आवाज पूर्ण ऐकला.

सामाराची गोष्ट उलटी. इथे शेपर्ड मागणारी आणि समोरची नाकारणारी. सामारा जवळजवळ हजार वर्षांची योद्धा, पाच हजार सूत्रांच्या धर्मसंहितेला बांधलेली. तिच्या तिन्ही मुलींना असा जन्मजात दोष आहे की त्यांच्याशी जवळीक करणारा मरतो. त्यातली एक पळून जाऊन माणसं मारत सुटलीय आणि आई तिच्या मागे चारशे वर्षं आहे. शेवटी आई तिला स्वतःच्या हाताने मारते. त्यानंतर जहाजाच्या काचेपाशी, तारे बघत बसलेल्या सामाराला शेपर्ड आपल्या मनातलं सांगू शकते. ती कठोर होत नाही. मोह झाला हे कबूल करते. दोघींचे चेहरे अगदी जवळ येतात आणि ती मान वळवते. बस. पुढच्या मोहिमेत ती तुमच्या शेजारी तितक्याच निष्ठेने लढते, आणि तुम्हीही. नाही म्हटल्यावर माणसं एकमेकांबरोबर कामावर कशी येत राहतात, हे इतक्या शांतपणे मी पडद्यावर पाहिलं नव्हतं.

सामाराच्या बाबतीत एक तक्रार आहे आणि ती मी मनापासून करते. हजार वर्षं रणांगणात काढलेल्या बाईला छाती उघडी टाकणारं चिलखत का दिलं? मी रोज मुलींना सांगते की लेथपाशी सैल ओढणी नको, बाही कोपराच्या वर दुमडा, केस जाळीत बांधा. कामाचे कपडे काम करणाऱ्याचा जीव वाचवायला असतात. मिरांडा नावाच्या पात्राकडे कॅमेरा ज्या जागांवरून बघायचा, त्यातल्या काही जागा नव्या संचात बदलल्यात. हे चांगलं केलं. सामाराचा पोशाख मात्र तसाच ठेवला.

गुरुपणाची काळी बाजू पाहायची असेल तर मॉर्डिन. सॅलॅरियन जातीचा शास्त्रज्ञ, भराभरा, शब्द गाळत बोलणारा. या जातीचं आयुष्य चाळीस वर्षांच्या आसपास, म्हणून सगळं घाईत. क्रोगन नावाच्या लढवय्या जातीची पिलं जगू नयेत म्हणून त्यांच्यात एक रोग सोडलेला असतो, हजारात एखादंच जिवंत जन्मतं. क्रोगन त्या रोगाला पुरून उरायला लागले तेव्हा त्याची नवी आवृत्ती बनवणाऱ्यांत मॉर्डिन प्रमुख. त्याच्या हाताखाली मेलन नावाचा शिष्य होता. दुसऱ्या भागात कळतं की मेलनचं अपहरण झालंय. आपण त्याला सोडवायला जातो आणि दिसतं की तो स्वतःहून आलाय. अपराधाच्या भावनेने तो रोगावर इलाज शोधतोय, आणि त्यासाठी जिवंत क्रोगनांवर भयंकर प्रयोग करतोय. वाटेत एका बाईचं प्रेत असतं. मॉर्डिन त्याच्यापाशी थांबून तिच्या आत्म्यासाठी काही शब्द बोलतो, आणि तोपर्यंत स्वतःच्या कामाचं हिशोबी समर्थन करणारा हा माणूस आतून हललेला दिसतो.

मेलन गुरूच्या तोंडावर सांगतो की हे सगळं आपण मिळून केलेल्या पापातून आलंय. गुरू पिस्तूल काढतो. त्याला थांबवायचं की नाही हे आपल्या हातात. मी थांबवलं. मॉर्डिन शिष्याला मारत नाही, क्षमाही करत नाही. जा, कुठेतरी दवाखाना काढ, असं सांगून तोंड फिरवतो. मग प्रश्न उरतो त्या प्रयोगांच्या माहितीचा. जाळायची की ठेवायची? पहिल्या फेरीत मी संतापाने जाळली. तिसऱ्या भागात त्याची किंमत कळली. इलाजासाठी पुढे आलेली क्रोगन बाई त्या माहितीशिवाय वाचत नाही. वाकड्या वाटेने गेलेल्या शिष्याचे कागद तिच्या जीवाला हवे होते. माझ्याही हातून एक मुलगा असा वाकडा गेलाय. हाताला त्याच्याइतकी सफाई असलेला मी दुसरा पाहिला नाही, आणि तीच सफाई त्याने कुलपं उघडायला वापरली. त्याची प्रॅक्टिकलची वही मी टाकणार होते. अजून कपाटात आहे.

मॉर्डिनचा शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की इलाज पोचवायला वर जाताना तो हे काम आपणच करायला हवं म्हणतो, दुसऱ्या कुणाच्या हातून चूक होईल म्हणून. आणि तो गात असतो.

शेपर्डचा साथीदार गॅरस, त्याच्याबद्दल थोडक्यात, कारण त्याच्यावर प्रेम करणारे खेळाडू जगभर आहेत आणि त्याला माझ्या शब्दांची गरज नाही. एकच प्रसंग. आपल्या सगळ्या साथीदारांना दगा देणाऱ्या माणसावर तो लांबून बंदूक रोखतो आणि शेपर्डला त्या माणसाशी बोलायला पुढे पाठवतो. बोलता बोलता शेपर्ड नेमकी निशाण्याच्या रेषेत उभी राहते. गॅरस कानात सांगतो, बाजूला हो. तुम्ही हलायचं की नाही? व्याख्यान न देता शिष्याच्या आणि त्याच्या चुकीच्या मध्ये उभं राहणं कसं दिसतं, ते या एका मिनिटात दिसतं. जहाजावरच्या टालीवर खूप लिहिता आलं असतं. ती क्वेरियन जातीची. क्वेरियनांची प्रतिकारशक्ती इतकी दुबळी की ते कायम बंद पोशाखात राहतात, आणि आपला पोशाख दुसऱ्याच्या पोशाखाशी जोडू देणं ही त्यांच्यातली विश्वासाची परमावधी. पण बाई शेपर्डला टालीची मैत्रीच मिळते. ती पुरेशी आहे.

न आवडलेलं बरंच आहे. दुसऱ्या भागात ग्रहांवरून यंत्र फिरवून खनिजं शोधायचं काम निव्वळ कंटाळवाणं. पहिल्या भागातली सहाचाकी गाडी सुधारलीय म्हणतात, तरी डोंगरावर ती माझ्या हाताखाली कायम घसरली. तिसऱ्या भागात पूर्वी चौघांनी मिळून खेळायचा ऑनलाइन भाग होता, तो या संचात नाही. मला त्याची उणीव भासली नाही, भाच्याला भासली. २०२१लाच डिसेंबरात आपल्याकडे आडगावला साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष विज्ञानकथा लिहिणारे खगोलशास्त्रज्ञ होते. मराठीत वाचत आलेल्या विज्ञानकथांत आधी विज्ञान पक्कं असतं आणि माणसं त्याच्या मागून येतात. इथे विज्ञान सोयीपुरतं आहे. ज्यांना ते घट्ट हवं त्यांची निराशा होईल.

आणि सगळ्यात मोठी खंत आकड्यांची. तिसऱ्या भागात तुम्ही ज्यांना ज्यांना वाचवता ते युद्धाच्या तक्त्यात एक ओळ होऊन बसतात. नाव, पुढे गुण. हे मला जॅकच्या मुलांबाबत सहन झालं नाही.

जॅक दुसऱ्या भागात तुरुंगाच्या जहाजातून सुटून येते. लहानपणापासून सर्बेरसने तिच्यावर प्रयोग केलेले. डोक्याचे केस काढलेले, अंगभर गोंदण, प्रत्येक वाक्यात शिवी. मनाच्या बळाने वस्तू भिरकावण्याची जी शक्ती काहींना असते, ती तिच्यात अफाट. तिला ज्या कोठडीत वाढवलं ती उडवून द्यायला ती शेपर्डला बरोबर नेते. असं माणूस पुढे काय होईल? तिसऱ्या भागात ती ग्रिसम अकॅडमीत शिक्षिका झालेली असते. तशीच शक्ती असलेल्या पोरांना शिकवते. मुलांसमोर जीभ आवरायची धडपड करते आणि तिला ते पूर्ण जमत नाही. हल्ला चालू असताना रॉड्रिगेझ नावाच्या मुलीवर खेकसते की तुझं संरक्षण ढिलं पडतंय, आणि थोडी उसंत मिळाल्यावर त्याच सुरात सांगते की ज्यूस पी. ती शक्ती वापरली की शरीरातली साखर झपाट्याने जळते, म्हणून. मी हे वाक्य ऐकलं आणि हसता हसता डोळे भरून आले. वर्कशॉपमध्ये सकाळी रिकाम्या पोटी आलेली पोरं मला चेहऱ्यावरून कळतात. माझ्या टेबलाच्या खणात पारलेचे पुडे असतात. मीही खेकसूनच देते.

मोहीम संपल्यावर शेपर्डने ठरवायचं असतं: या मुलांना आघाडीवर पाठवायचं की मागे राहून इतर सैनिकांना आधार द्यायला. जॅक समोर उभी असते. मी मुलं मागे ठेवली. तक्त्यात गुण किती पडतात ते मी पाहिलं नाही.

हे दुसऱ्या फेरीत. पहिल्या फेरीत मी ही मोहीम ‘नंतर करू’ म्हणून बाजूला ठेवली. यादीत असे बरेच निरोप येत राहतात आणि वेळेचं बंधन गेम ठळक सांगत नाही. चार-पाच मोहिमा उलटल्या आणि तो निरोप यादीतून गेला. शेवटाकडे सर्बेरसच्या तळावर चाल करून गेले तेव्हा त्यांच्या वेशातली, त्यांनी मन मारून टाकलेली एक तलवारधारी बाई माझ्यावर धावून आली. तिच्या डोक्यावर नाव होतं जॅक. मला तिला मारून पुढे जावं लागलं.

तेव्हा घेणाऱ्यांना इतकंच सांगते. ‘शॅडो ब्रोकर’चा अध्याय दुसऱ्या भागात सोडू नका, लियारा त्यातच कळते. मेलनची माहिती जाळू नका. ‘सिटाडेल’ अध्याय सर्बेरसच्या तळावर जायच्या आधी खेळा, म्हणजे अँडरसनच्या घरात सवडीने बसता येईल. आणि ग्रिसम अकॅडमीचा निरोप आला की हातातलं सगळं टाकून आधी तिकडे जा.